पाणी मावळाचे, उजेड मुंबईला

सुज्ञ माणसे पावसाळा ओसरला की कार्ला-भाज्याला जातात, पिठले-भाकरी खातात आणि अंधार पडायच्या आत घरी परततात. आमच्या कोथरूडच्या सोसायटीतील ज्येष्ठांना मात्र नानांनी खोपोलीचे जुने जलविद्युत केंद्र दाखवायला नेले. नाना वीज खात्यातून निवृत्त झाले असले, तरी वीज काही त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. परवानगीचे अर्ज, ओळखपत्रांच्या झेरॉक्स आणि ‘पायांत बंद बूट हवेत’ ही सूचना यांनी त्यांनी आम्हांला महिनाभर पिडले. बुटांच्या अटीमुळे काही काकूंनी नावे मागे घेतली. उरलेल्यांनी नऊवारीखाली नातवांचे कॅनव्हासचे बूट चढवले.

लोणावळ्यापर्यंत इतिहास झाला. जमशेटजी टाटा १९०४ मध्येच वारले, पाण्यापासून वीज करण्याचे त्यांचे स्वप्न पुढच्या पिढीने हाती घेतले, १९११ मध्ये कोनशिला बसली आणि १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या कापडगिरण्यांना मिळू लागली, इतके सांगून होते न होते तोच चिक्कीचे दुकान आले आणि कोनशिलेचा निभाव लागला नाही.

खरा वणवा पेटला तो वळवणच्या तलावाजवळ. इंद्रायणीच्या खोऱ्यात पडणारा हा पाऊस मोकळा सुटला असता, तर आळंदीवरून भीमेला, भीमेतून कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळाला असता. तो येथे अडवून, सह्याद्रीची कड ओलांडून, लोखंडी नळांतून सुमारे ५२५ मीटर खाली कोकणात उतरवतात, असे नाना अभिमानाने म्हणाले. त्यावर एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी चष्मा काढून विचारले, “म्हणजे पाणी आपले आणि दिवे त्यांचे?” पुणेकराला एवढे पुरते. मागच्या बाकावरून सेनापती बापट आणि टाटांच्या मुळशी धरणाविरुद्धचा १९२१ चा सत्याग्रह आलाच. विनोद बाजूला ठेवून सांगायचे, तर ज्यांची गावे आणि भातखाचरे पाण्याखाली गेली, त्यांच्या तक्रारीचे वजन निराळे होते; आमची तक्रार चिक्की चघळत चाललेली होती.

केंद्रात यंत्रांची घरघर अशी, की नानांचे व्याख्यान आम्हांला केवळ ओठांच्या हालचालींतून लाभले. ही सहलीतील सर्वांत सुखाची वेळ होती. बाहेर येताच त्यांनी ते पहिल्यापासून सुरू केले. पेल्टन चक्र, म्हणजे पाण्याच्या झोताने फिरणारे जोडवाट्यांचे चाक, समजावण्यासाठी त्यांनी दोन्ही हातांच्या ओंजळी शेजारी शेजारी धरल्या, मधोमध करंगळ्यांची धार उभी केली आणि बँक अधिकाऱ्यांना वरून बाटलीतले पाणी ओतायला लावले. पाणी धारेवर दुभंगले, दोन्ही वाट्यांतून वळून उलटे फिरले आणि एक भाग थेट अधिकाऱ्यांच्या इस्त्रीच्या शर्टावर गेला. “हाच तो धक्का! यानेच चक्र फिरते!” नाना आनंदाने ओरडले. एवढ्या उंचीवरून आलेले पाणी तोटीतून ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने सुटते, हे ऐकून घाटात आमच्या बसला ओलांडून गेलेल्या ट्रकवाल्यांबद्दलचा माझा राग बराच निवळला. संध्याकाळी मुंबईत विजेची मागणी वाढली की अशी चक्रे काही मिनिटांत पूर्ण भार उचलू शकतात, हेही कळले. आमच्या मंडळींना नुसते बसमध्ये चढायला त्याहून अधिक वेळ लागतो.

चक्र फिरवून झाल्यावर उरणारे अवजल पाताळगंगेत जाते, हे कळताच शर्ट झटकत अधिकारी म्हणाले, “वापरून झाले ना? मग आमचे आम्हांला परत वर चढवून द्या.” सगळे हसले, नाना हसले नाहीत. भिरा येथे तसा संच आहेच, मागणी कमी असताना खालचे पाणी पंपाने पुन्हा मुळशीच्या जलाशयात चढवतात, असे सांगून त्यांनी खिशातून वही काढली आणि भिऱ्याच्या सहलीसाठी नावे मागितली. घाट चढून होईपर्यंत बसमधील प्रत्येकाने झोपेचे सोंग घेतले होते, बँक अधिकाऱ्यांनी तर घोरण्यासह.