केमोआधी बीजे गोठवावीत का? फिरत्या संदेशातील दाव्यांना उत्तर

कर्करोग झालेल्या तरुण रुग्णांच्या नातेवाइकांमध्ये एक संदेश सध्या हातोहात पुढे जात आहे. केमोआधी स्त्रीबीजे किंवा वीर्य गोठवण्याचा सल्ला हा पैसे उकळण्याचा धंदा आहे, त्यापायी उपचार दोन-तीन महिने लांबतात, संप्रेरकांच्या इंजेक्शनांनी गाठ वाढते, पाळी परत आली की मूल होतेच आणि गोठवलेल्या बीजांपासून झालेली मुले सदोष निघतात, असे त्यात म्हटले आहे. शेवटी सल्ला आहे : आधी जीव वाचवा, मुलाबाळांचे नंतर पाहू. हा सल्ला शहाणपणाचा वाटतो आणि म्हणूनच त्याने सर्वाधिक नुकसान होते. सायक्लोफॉस्फामाइडसारखी केमोतील औषधे आणि ओटीपोटावरील रेडिएशन बीजकोशातील बीजांचा साठा कायमचा घटवू शकतात, त्यामुळे ‘नंतर’ पाहण्यासारखे काही हाती उरेलच असे नाही.

उपचार लांबण्याची भीती एके काळी निराधार नव्हती, कारण बीजे वाढवण्याची इंजेक्शने पाळी आल्यावरच सुरू करण्याची पद्धत होती. आता ती महिन्याच्या कोणत्याही दिवशी सुरू करता येतात आणि सगळी प्रक्रिया साधारण दोन आठवड्यांत आटोपते. रोज पोटाच्या त्वचेखाली एक इंजेक्शन, दोन-तीन दिवसांआड सोनोग्राफी, बीजे पुरेशी वाढली की एक शेवटचे इंजेक्शन आणि त्यानंतर सुमारे ३६ तासांनी भूल देऊन, सोनोग्राफीच्या आधाराने योनिमार्गातून सुई घालून बीजे काढून घेणे, असा हा क्रम असतो. बहुतेक जणी त्याच दिवशी घरी जातात. स्तनाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर केमो सुरू होईपर्यंत तसेही काही आठवडे जातात आणि पहिल्याच भेटीत विषय निघाला तर हे काम त्या अवधीत बसते. तीव्र ल्युकेमियात, म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या रक्ताच्या कर्करोगात मात्र इतके थांबणे धोक्याचे असते, आणि तिथे कर्करोगतज्ज्ञ नको म्हणाले तर त्यांचेच ऐकले पाहिजे.

पुरुषांच्या बाबतीत तर उशिराचा प्रश्न जवळजवळ उद्भवतच नाही. वीर्याचा नमुना एक-दोन दिवसांत देता येतो आणि एकेक शुक्राणू थेट बीजात सोडण्याचे तंत्र उपलब्ध असल्याने अशक्त नमुनाही कामी येऊ शकतो. तरीही कितीतरी तरुणांची पहिली केमो हे न विचारताच होऊन जाते, कारण बावीस वर्षांचा मुलगा खाटेवर आणि वडील उशाशी उभे असताना हा विषय काढायचा कोणी, हेच ठरत नाही. मुलाशी एकट्याशी पाच मिनिटे बोलण्याची जबाबदारी डॉक्टरांनी किंवा समुपदेशकाने घ्यायलाच हवी.

संप्रेरकांबद्दलची शंका रास्त आहे, विशेषतः इस्ट्रोजेन या संप्रेरकावर वाढणाऱ्या स्तनाच्या कर्करोगात. म्हणूनच अशा रुग्णांना इंजेक्शनांबरोबर लेट्रोझोलच्या गोळ्या देतात, ज्यामुळे रक्तातील इस्ट्रोजेन फारसे चढत नाही. या मार्गाने गेलेल्या स्त्रियांमध्ये कर्करोग उलटण्याचे प्रमाण वाढल्याचे आजवरच्या पाहणीत दिसलेले नाही.

पाळी परत येणे ही चांगलीच खूण आहे, पण ती पुरेशी नाही. पाळी नियमित असूनही बीजांचा साठा आटलेला असू शकतो आणि रजोनिवृत्ती वेळेच्या बरीच आधी येऊ शकते. केमोच्या काळात बीजकोशांना निद्रिस्त ठेवणारे गोसेरेलिनचे मासिक इंजेक्शन काही अंशी संरक्षण देते, मात्र त्याला बीजे गोठवण्याचा पर्याय मानू नये.

सदोष मुलांच्या दाव्याला आधार नाही. गोठवलेल्या बीजापासून पहिले मूल १९८६ साली ऑस्ट्रेलियात जन्मले आणि अमेरिकेतील प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये या पद्धतीवरचा ‘प्रायोगिक’ हा शिक्का काढला. गर्भारपणाने स्तनाचा कर्करोग उलटतो ही त्याला जोडून येणारी भीतीही तपासली गेली आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पाचशेहून अधिक स्त्रियांच्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात स्तनाचा कर्करोग उलटू नये म्हणून घ्यायच्या संप्रेरकविरोधी गोळ्या मूल होण्यासाठी दोन वर्षांपर्यंत थांबवल्या होत्या, आणि पहिल्या काही वर्षांत रोग उलटण्याचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. दीर्घ काळाचे अंतिम निष्कर्ष यायचे आहेत, हे लक्षात ठेवावे.

राहिला पैशांचा आरोप. खर्च मोठा आहे, साठवणुकीचे भाडे दरवर्षी निराळे पडते आणि यशाची हमी कोणी देऊ शकत नाही, कारण ते वय आणि मिळालेल्या बीजांची संख्या यांवर अवलंबून असते. हमी देणाऱ्या केंद्रापासून दूरच राहावे. परंतु महाग आहे म्हणून माहितीच द्यायची नाही, हा रुग्णावर अन्याय आहे. झेपेल की नाही हे त्या घराला ठरवू द्यावे.

ज्यांचे गोठवायचे ठरेल त्यांनी संमतिपत्र घाईत सही करून देऊ नये. २०२१ च्या सहाय्यक प्रजनन कायद्याने साठवणुकीची मुदत सर्वसाधारणपणे १० वर्षे ठेवली आहे. शिवाय रुग्ण दगावल्यास साठ्याचे काय करायचे, हा रकाना त्याच कागदावर असतो. कर्करोगाने गेलेल्या एका अविवाहित तरुणाने त्या रकान्यात वीर्य नष्ट करावे असा पर्याय निवडला होता. त्याची आई मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि जून २०२५ मध्ये न्यायालयाने, याचिकेचा निकाल लागेपर्यंत नमुना जपून ठेवण्याचा आदेश तो साठवणाऱ्या प्रजनन केंद्राला दिला. तो रकाना घरच्यांशी बोलून, मगच भरावा.