दुतोंड्या मारुती आणि माझे खाते

गोदावरीला पूर आला की नाशिककर पाण्याची उंची मीटरमध्ये विचारत नाही. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले की छातीला, एवढेच विचारतो. पंचवटीतल्या आमच्या किराणा दुकानात माझ्या उधारीचे पाणी कुठवर चढले, हे मी शेठच्या चष्म्यावरून ओळखतो. हजारापर्यंत चष्मा कपाळावर असतो, दोन हजारांना तो नाकावर उतरतो, आणि तीन हजार ओलांडले की शेठ तो काढून सदऱ्याच्या टोकाने सावकाश पुसू लागतात. त्यानंतर शहाण्याने काड्यापेटीसुद्धा रोखीने घ्यावी. दुकानात ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी आहे खरी, परंतु शाम्पूच्या पुड्यांच्या माळांआडून मला त्यातला उत्तरार्धच दिसतो, हा काही माझा दोष नव्हे.

१९६३ च्या मुदत कायद्यानुसार विकलेल्या मालाच्या पैशांसाठी तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो, ही माहिती वकील मेहुण्याने दिली तेव्हा मला उगाच हुरूप आला. मात्र मुदत संपण्याआधी देणे सहीनिशी कबूल केले की ती नव्याने सुरू होते, हे त्याने जेवण झाल्यावर सांगितले. दर दिवाळीला वहीपूजनाच्या आदल्या दिवशी शेठ एका हाताने पेढा आणि दुसऱ्या हाताने पेन पुढे करून बाकीखाली माझी सही का घेतात, ते मला त्या दिवशी उमगले.

गेल्या महिन्यात बाकी ३,१४० वर गेली होती. पगार झाला, तरी सगळी बाकी फेडण्याइतके पैसे हातात नव्हते आणि थोडे देऊन तो चष्मा पुसताना पाहण्याचे धैर्य नव्हते, म्हणून मी होळकर पूल ओलांडून रविवार कारंजावर गेलो, पाच किलो साखर चक्क रोखीने घेतली आणि परतताना दुकान टाळून मागच्या गल्लीने निघालो. गिरणीपाशी पिशवीचा बंद तुटला. गिरणीत दळण घ्यायला स्वतः शेठ उभे होते.

“केवढ्याला दिली, सर?”

मी भाव सांगितला.

“किलोमागे दोन रुपये जास्त लावले तुम्हाला,” ते हळहळून म्हणाले. मग मला दुकानापर्यंत नेऊन त्यांनी पिशवीला सुतळीचे चार वेढे घातले, घट्ट गाठ मारली, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि लाल वही उघडून विचारले, “सुतळीचे दोन रुपये लिहू ना?”