युनिव्हर्सल रिमोटने पेसमेकर बंद पडत नाही, मंडळी

‘सावधान!! घरी होम थिएटर असेल आणि युनिव्हर्सल रिमोट वापरत असाल तर हा मेसेज शेवटपर्यंत वाचा.’

शेवटपर्यंत वाचला. वाचावाच लागला, कारण तो आमच्या मामांच्या फोनवर येऊन पडला आणि तेव्हापासून मामांनी हॉलमध्ये बसणं सोडलंय. मामांना पेसमेकर आहे. सकाळी रंकाळ्यावर एक फेरी आणि संध्याकाळी मोठ्या आवाजात जुनी नाट्यपदं नाहीतर फुटबॉल, एवढाच त्यांचा विरंगुळा. त्यासाठी मुलानं ५.१ चा, म्हणजे पाच स्पीकर आणि एक वूफर असलेला, होम थिएटर सेट बसवून दिला. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि अ‍ॅम्प्लिफायर असे तीन रिमोट त्यांना सांभाळता येईनात, म्हणून तिन्हींचं काम करणारा एक युनिव्हर्सल रिमोटही आणून दिला. तो रिमोट आता मामींनी अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून ठेवलाय. वर मलाच विचारतात, ‘बघ, आता दाबलं तरी टीव्ही लागत न्हाई. म्हणजे रेडिएशन अडलं का न्हाई?’

मामी, फॉइलनं अडलं तसं लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्यानंही अडतं. रिमोटच्या टोकावर तळहात घट्ट धरला तरी अडतं. कारण तो उजेड आहे.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. युनिव्हर्सल रिमोट तीन उपकरणं चालवतो म्हणून त्यातून तिप्पट रेडिएशन निघतं आणि त्यानं पेसमेकर बंद पडतो. ‘आपल्या कोल्हापुरातच एक जण दगावला’. लहान मुलांना मोतीबिंदू होतो. चुकीचा कोड टाकला की होम थिएटरचा आयसी, म्हणजे आतली चिप, जळतो. शेजारी भिंतीपलीकडून तुमचा कोड चोरून घरातलं सगळं बघू शकतो. सेल उतरले तर नवे आणू नका, तव्यावर गरम करा. आणि ओरिजनल रिमोटचं काम दुसरा कुठलाच रिमोट करू शकत नाही. खाली सही ‘एका नामांकित हृदयरोगतज्ज्ञांचा संदेश’ अशी. हृदयरोगतज्ज्ञ एवढे नामांकित, की मेसेजमध्ये त्यांचं नावच नाही. दगावलेल्या माणसाची पेठ नाही, तारीख नाही. कोल्हापुरात रिमोटनं माणूस गेला असता तर दुसऱ्या दिवशी सकाळी मिसळीच्या दुकानांत दुसरा विषय निघाला नसता.

आधी पेसमेकरचंच बघू. बाकीचं बहुतेक फालतू आहे, यानं मात्र खरंच नुकसान झालंय.

रिमोटच्या टोकाला एक छोटा एलईडी असतो. त्यातून निघतो तो इन्फ्रारेड प्रकाश. आपल्या डोळ्यांना तो दिसत नाही, पण फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर रिमोट धरून बटण दाबलं की बहुतेक फोनवर जांभळट लुकलुक दिसते. मामींना हे करून दाखवलं. त्यांना वाटलं रेडिएशन सापडलं.

या प्रकाशाची तरंगलांबी बहुतेक रिमोटमध्ये ९४० नॅनोमीटरच्या आसपास असते. आता २०२१ आठवा. घराघरात ऑक्सिमीटर होता, दिवसातून दहा वेळा बोटाला चिमटा लावून आकडा बघत होतो. त्या चिमट्यात दोन दिवे असतात: एक ६६० नॅनोमीटरचा लाल आणि दुसरा ९४० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड. म्हणजे रिमोटमध्ये असतो त्याच जातीचा. तो बोटातून आरपार सोडून पलीकडे किती पोचला यावर रक्तातला ऑक्सिजन मोजतात. मामांना पेसमेकर बसवला तेव्हा टेबलावर, नंतर आयसीयूत, त्यांच्या बोटाला हाच दिवा लावलेला होता. हृदयाच्या ऑपरेशनमध्ये जो दिवा अंगाला चिकटवून ठेवतात, तो दहा फुटांवरच्या सोफ्यावरून टीव्हीकडे रोखला की जीव घेतो? ज्यानं हा मेसेज लिहिला त्यानं हे एकदा त्या नामांकित हृदयरोगतज्ज्ञांनाच विचारावं.

शिवाय पेसमेकर असतो कुठं? गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीच्या आत, टायटॅनियमच्या सीलबंद डबीत. या प्रकाशाला कातडीखाली फार खोल जाता येत नाही आणि धातूपलीकडे तर अजिबातच नाही. ‘तिप्पट’चा हिशेबही बोगस. तीन उपकरणांचा रिमोट म्हणजे तीन दिवे एकदम पेटतात असं नसतं. एका वेळी एका उपकरणाचा एक संकेत जातो, बस्स. हे सगळं चालतं दोन बारीक पेन्सिल सेलवर, आणि ते कित्येक महिने टिकतात. एवढ्याशा शक्तीत काय काय होणार?

मग पेसमेकरवाल्यानं कशाकशाला जपायचं? चुंबकाला. जोरदार चुंबक छातीजवळ आला की पेसमेकर हृदयाचं ऐकायचं सोडून ठरलेल्या गतीनं ठोके द्यायला लागतो. तो तसाच बनवलेला असतो, डॉक्टर तपासणीसाठी मुद्दाम चुंबक धरतात. ठोके बिघडले की हृदयाला झटका देणारं यंत्र बसवलेलं असेल तर चुंबकानं त्याचं झटका देणंच तात्पुरतं थांबू शकतं. नव्या फोनमध्ये आणि स्मार्टवॉचमध्ये तगडे चुंबक यायला लागले म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं, एफडीएनं, मे २०२१ मध्ये सांगितलं की फोन आणि घड्याळ पेसमेकरपासून किमान सहा इंच, म्हणजे १५ सेंटीमीटर, लांब ठेवा. फोन शरीरात बसवलेल्या यंत्रावरच्या खिशात ठेवू नका.

आमच्या मामांचा फोन कुठं असतो? शर्टाच्या डाव्या खिशात. बरोब्बर पेसमेकरवर. ज्या फोननं रिमोटची भीती घातली तो छातीशी आणि बिचारा रिमोट फॉइलमध्ये. होम थिएटरमध्ये चुंबक शोधायचाच असेल तर तो स्पीकरमध्ये असतो, वूफरमध्ये चांगला मोठा. हॉलमध्ये बसून ऐकायला काहीच हरकत नाही. फक्त झाडलोटीला वूफर हलवताना मामांनी तो छातीशी कवटाळून उचलू नये, ते काम मुलाला सांगावं. मेसेजमध्ये यातलं अवाक्षर नाही.

खरा राग मात्र मामांच्या एका वाक्याचा आला. ‘डॉक्टरांनी एवढं साधं सांगितलं न्हाई, मग त्यांच्याकडं तपासायला जाऊन तरी काय उपेग?’ पेसमेकरची ठरलेल्या वेळी तपासणी होते. बॅटरी किती उरली, तारा नीट आहेत का, हे तिथंच कळतं. ती तपासणी एका फॉरवर्डपायी चुकवायची? मामा, बसवताना कार्ड आणि पुस्तिका दिली होती ती कपाटातून काढा. शंका असेल तर त्यावरच्या नंबरला फोन करा, फॅमिली ग्रुपला नको.

आता मोतीबिंदू. इथं नाइलाजानं एक अर्धं सत्य मान्य करावं लागतं. इन्फ्रारेडनं मोतीबिंदू होऊ शकतो. काच फुंकणाऱ्या आणि भट्टीवर काम करणाऱ्या कामगारांत तो फार पूर्वीपासून माहीत आहे. पण तिथं वितळलेल्या काचेसमोर, लोखंडासमोर वर्षानुवर्षं उभं राहणं असतं. दिव्यांपासून डोळ्यांना किती धोका हे ठरवणारं आयईसी ६२४७१ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. बराच वेळ डोळ्यांवर पडणाऱ्या इन्फ्रारेडसाठी त्यात दर चौरस मीटरला १०० वॉट ही मर्यादा आहे. रिमोटमध्ये असतो तसला साधा एलईडी वीतभर अंतरावरून सलग डोळ्यांवर धरला तरी आकडा दोन-चार वॉटच्या घरात येतो. दुपारच्या उन्हात चौरस मीटरला हजार वॉटच्या आसपास पडतं, त्यातलं जवळपास निम्मं इन्फ्रारेड. पोरांना रिमोटपासून वाचवून गच्चीवर पतंग उडवायला पाठवणाऱ्यांनी विचार करावा. आणि काळजी उतूच जात असेल तर शिरोलीच्या, गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत भट्टीसमोर बिनचष्म्याचे उभे असतात त्यांची करा.

चुकीच्या कोडनं आयसी जळत नाही. रिमोट पाठवतो तो एक आकडा, दिव्याच्या उघडझापीत लिहिलेला. रिपेअरवाल्यांच्या डब्यात १७३८ नंबरचा तीन पायांचा सेन्सर असतो. त्यातले शेवटचे ३८ म्हणजे ३८ किलोहर्ट्झ. सेकंदाला ३८ हजार वेळा लुकलुकणारा उजेडच तो ओळखतो, म्हणून ट्यूबलाइटनं टीव्ही बंद होत नाही. पुढं आकडा आपल्या उपकरणाचा नसला तर उपकरण तो सोडून देतं. दुसऱ्याच्या घराची किल्ली आपल्या कुलपात फिरत नाही, तेवढंच. मग ही अफवा आली कुठून? मला वाटतं ऑटो सर्चमधून. त्यात रिमोट एकेका कंपनीचा बंद करायचा कोड ओळीनं सोडत जातो. बरोबर कोड आला की अ‍ॅम्प्लिफायर बंद पडतो. आपण थांबून तो कोड पक्का करायचा असतो. घाबरलेला माणूस मात्र समजतो, जळलं!

शेजाऱ्याचं तर काय बोलायचं. इन्फ्रारेड भिंतीतून जात नाही. समोरच्या बिल्डिंगमधल्या पोरानं उघड्या खिडकीतून तुमचं चॅनल बदललं, असं होऊ शकतं. मॅच चालू असताना मुद्दाम करणारीही पोरं आहेत. पण हा संकेत एकाच दिशेनं जातो, रिमोटकडून टीव्हीकडे. त्यातून घरातलं काहीही ‘दिसत’ नाही.

सेल तव्यावर गरम करा हे लिहिणाऱ्याला मात्र समोर बसवून दोन शब्द सुनावले पाहिजेत. थंडीत गारठलेला सेल हातात चोळून ऊबदार केला तर चार बटणं जास्त चालतात, एवढ्यावरून हा तवा निघाला असावा. सीलबंद सेल तापवला की आत दाब वाढतो, तो फुटतो. अल्कलाइन सेलमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं, कातडी आणि डोळे जाळणारं. त्याच तव्यावर नंतर भाकरी टाकणार का? दातानं चावून सेल ‘जिवंत’ करणाऱ्यांनाही हेच लागू. आणि साउंडबारबरोबर येणाऱ्या चपट्या रिमोटमध्ये नाण्यासारखा लिथियम सेल असतो. तो पोरानं गिळला तर अन्ननलिकेत दोन तासांत गंभीर जखम होऊ शकते. झाकण स्क्रूनं बसवलेलं आहे का बघा, आणि गिळल्याचा नुसता संशय आला तरी थेट दवाखाना गाठा.

राहिला शेवटचा मुद्दा, ओरिजनल ते ओरिजनल. यात तथ्य आहे, कबूल. दीड-दोनशेच्या युनिव्हर्सल रिमोटवर आवाज, चॅनल, इनपुट एवढं येतं. प्रत्येक स्पीकरची वेगळी पातळी, सराउंडचे मोड ही बटणं बहुधा नसतात. फायर टीव्ही स्टिकसारख्या उपकरणाचा रिमोट ब्लूटूथवर चालतो, तिथं नुसत्या इन्फ्रारेडचा रिमोट काही कामाचा नाही. आणखी एक भानगड म्हणजे पॉवरचं बटण. बहुतेक ठिकाणी चालू आणि बंद दोन्हीला एकच कोड असतो. लाइट जाऊन आली की काही सेट-टॉप बॉक्स आपोआप चालू होतात, टीव्ही मात्र झोपलेला राहतो. मग ‘सगळं चालू’ दाबलं की टीव्ही लागतो आणि बॉक्स बंद होतो. मामांकडं हे व्हायचं आणि ते रिमोटला शिव्या द्यायचे. उपाय म्हणजे चालूचा आणि बंदचा वेगवेगळा कोड असलेलं उपकरण, नाहीतर एकेकाचं बटण वेगळं दाबणं.

पण ‘दुसरा कुठलाच रिमोट करू शकत नाही’ हे खोटं. फिलिप्सनं मॅग्नावॉक्स या नावाखाली युनिव्हर्सल रिमोट आणला १९८५ मध्ये. १९८७ मध्ये अ‍ॅपलचा सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्नियाक यानं दुसऱ्या रिमोटकडून कोड शिकणारा रिमोट काढला. शिकणारे रिमोट आजही मिळतात: जुना आणि नवा समोरासमोर ठेवायचे, दोन्हींवर एकेक बटण दाबत जायचं. सराउंडचं बटणही शिकवता येतं.

मामांच्या बाबतीत तर याचीही गरज नसावी. टीव्ही आणि अ‍ॅम्प्लिफायर दोन्हींना एआरसी (त्याच केबलनं टीव्हीचा आवाज अ‍ॅम्प्लिफायरकडं पाठवायची सोय) लिहिलेलं एचडीएमआयचं सॉकेट असेल, आणि ते २००९ च्या एचडीएमआय १.४ पासून आहे, तर एका केबलनं जोडून सेटिंगमध्ये सीईसी, म्हणजे एका रिमोटनं दोन्ही उपकरणं चालवायची सोय, चालू करायचं. सॅमसंग त्याला एनीनेट प्लस म्हणतं, सोनी ब्राव्हिया सिंक, एलजी सिम्पलिंक. मग टीव्हीच्याच रिमोटनं होम थिएटरचा आवाज कमीजास्त होतो, टीव्ही बंद केला की तेही झोपतं. टीव्ही आणि अ‍ॅम्प्लिफायरचं आपसात नाही जमलं तर युनिव्हर्सल आहेच. ओरिजनल रिमोट मात्र भंगारात देऊ नका. सेल काढून ड्रॉवरमध्ये ठेवा. उद्या शिकणारा रिमोट आणलात तर कोड त्याच्याकडूनच घ्यावे लागतील.