पायवाट काढायची असेल तर आधी गाडी काढा

तर तुमचं ठरलं म्हणायचं. पन्हाळ्यापासून खिद्रापूरपर्यंतची देवळं, दर्गे, जैन बस्त्या आणि लेणी एका धाग्यात ओवणारी लांब पल्ल्याची सांस्कृतिक पायवाट कोल्हापुरात काढायचीच. उत्तम. कोल्हापूरकराच्या डोक्यात एखादी गोष्ट बसली की ती बाहेर काढायला जेसीबी लागतो, त्यामुळे 'कशाला?' हे मी विचारत नाही. 'कशी?' एवढंच सांगतो. या विषयातला माझा अधिकार म्हणाल तर अशा दोन समित्यांच्या बैठकांत मी चहा प्यायलोय, आणि बाकीचं आयुष्य चालत काढलंय.

पहिलं पथ्य म्हणजे चालू नका. चालणाऱ्याला खड्डा दिसतो, उन्हाचा चटका बसतो, तहान लागते आणि मग त्याच्या डोक्यात भलतेसलते विचार येतात. पायवाटेची पाहणी गाडीतूनच करायची असते. सात गाड्या काढा, सकाळी आठची वेळ द्या, अकराला निघा. काचा वर, एसी चालू. जेवणाची सोय वाटेवरच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्याकडे करा. दोन सदस्य 'पुढं देवळात जायचंय' म्हणून शाकाहारी ताट घेतील, त्यांची नावं अहवालात 'धार्मिक बाबींचे तज्ज्ञ' म्हणून घाला. अहवालाचं पहिलं वाक्य मी आत्ताच देऊन ठेवतो: 'सदर मार्ग चालण्यास अत्यंत सुखावह असल्याचे वाहनातून निदर्शनास आले.'

मग नाव. 'पायवाट' हा शब्द ताबडतोब टाकून द्या. तो फुकटचा वाटतो. 'सर्किट' म्हटलं की आमच्याकडे आधी 'शॉर्ट' आठवतं. सध्या चलती 'कॉरिडॉर'ची आहे. नाव जितकं लांब तितका निधी लांबचा, म्हणजे थेट दिल्लीचा. नावाइतकीच जपून सुरुवातीची जागा ठरवा. शिवाजी पेठेतून वाट सुरू केलीत तर मंगळवार पेठ रुसेल, मंगळवार पेठेतून केलीत तर शिवाजी पेठ बैठकीलाच येणार नाही. अशा वेळी दोन्हीकडून सुरू करा. वाटेला दोन सुरुवाती आणि शेवट एकही नाही, असं आपल्याकडे पुष्कळ कामांचं झालेलं आहे.

आता अभ्यासदौरा. तो स्पेनचाच हवा. तिथे सान्तियागोची यात्रावाट आहे. युरोपच्या परिषदेने १९८७ साली 'सांस्कृतिक मार्ग' म्हणून मान दिलेली ती पहिली वाट. फ्रान्सच्या सीमेपासून सुमारे ८०० किलोमीटर लोक चालतात. चालणाऱ्याने किमान १०० किलोमीटर पायी केले आणि वाटेवरच्या देवळांतून, धर्मशाळांतून पुस्तिकेवर शिक्के घेतले, तरच प्रमाणपत्र मिळतं. तुम्ही तिथे जा, शेवटचे १०० मीटर चाला, त्या वाटेची खूण असलेल्या शिंपल्यासोबत फोटो काढा. एक गोष्ट मात्र चुकूनही विचारू नका: त्या वाटेवर जे पिवळे बाण दिसतात ते कुणी काढले? उत्तर अडचणीचं आहे. डोंगरातल्या एका गावच्या एलियास वालिन्या नावाच्या पाद्र्याने १९८४ साली पिवळ्या रंगाचे डबे घेतले आणि गाडीत टाकून वाटभर स्वतः बाण रंगवत सुटला. ना निविदा, ना सल्लागार. हे आपल्याकडे कळलं तर सल्लागाराच्या पोटावर पाय येईल.

बाण तसेही आपल्याकडे टिकायचे नाहीत. ज्या खांबावर बाण काढाल त्याच खांबावर आठवड्याभरात 'आधारवड', 'किंगमेकर' किंवा गेला बाजार 'भावी नगरसेवक' हात जोडून उभा राहील. यात्रेकरू त्याच्या नजरेच्या दिशेने चालू लागला तर तो थेट वाढदिवसाच्या मंडपात पोचेल. तिथे जेवण चांगलं असतं, ही जमेची बाजू.

आता ठिकाणांची यादी. इथे तुम्हाला एक तक्ता भरावा लागेल आणि त्यात 'धर्म' असा रकाना असेल. कोल्हापूरचा सगळा घोळ त्या रकान्यात आहे. बाबूजमाल दर्गा घ्या. दाराच्या चौकटीवर गणपती. कारकून विचारणार, 'साहेब, यात काय लिहू?' मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले की तिथल्या तालमीत पंजा आणि गणपती एकाच मांडवात बसलेले या शहराने पाहिलेत. त्या दोघांना अडचण आली नव्हती, ती रकान्याला येते. जोतिबाच्या डोंगराला जावं तर पायथ्याशी पोहाळ्याची बौद्ध लेणी. कुंभोजला बाहुबलीची २८ फुटी मूर्ती; ती रकान्यात मावेल, पण फोटोत मावणार नाही. आणि खिद्रापूर तर तक्त्याचा कडेलोटच आहे. कोपेश्वर म्हणजे शिव, शेजारी धोपेश्वर म्हणजे विष्णू, तोही लिंगरूपात. समोर नंदी नाही. नंदी कर्नाटकात यडूरला आहे, म्हणजे आंतरराज्य समन्वय समिती आली. सीमाप्रश्न सुटेपर्यंत खिद्रापूरच्या पानावर 'नंदी प्रस्तावित' असं लिहून ठेवा. बाकी स्वर्गमंडपात ४८ खांब आहेत आणि छपराला मधोमध गोल उघडं आभाळ आहे. त्यावर पत्रा घालायची सूचना कुणी करणारच. 'पावसाचं पाणी आत येतंय' असं त्या सदस्याचं रास्त म्हणणं असेल.

पाण्यावरून आठवलं. माहितीफलक पावसाळ्यात लावा, हिरवळ फोटोत छान येते. नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेचा संगम आहे आणि पाणी चढलं की कृष्णामाई स्वतःच देवळात शिरते, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. लोक त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात आणि त्या पाण्यात स्नानाला धावतात. तुमच्या माहितीफलकाचंही स्नान होईल. २०१९ आणि २०२१ च्या पुरात महामार्ग बुडाला होता, तिथे फलकाचं काय घेऊन बसलात. तो वाहत पुढच्या तालुक्यात गेला तर 'मार्गाचा विस्तार' म्हणून दाखवता येईल.

एका गोष्टीपासून मात्र जपा. कुणीतरी आगाऊ माणूस बैठकीत उठून म्हणेल की, अहो, लोक इथे आधीपासून चालतायत. त्याला बसवा. हा मुद्दा वाढू देऊ नका, कारण तो खरा आहे.

माघातल्या रविवारी पहाटे शिवाजी पुलावर उभं राहिलात तर कळेल. अंधारात माणसांची रीघ लागलेली असते. कोल्हापूर ते जोतिबा, वडणगे, निगवे, कुशिरे करत डोंगर. याला खेटे घालणं म्हणतात. पाच रविवार, पाच खेटे. जोतिबा हिमालयाकडे परत निघाला तेव्हा त्याला थांबवायला खुद्द अंबाबाई करवीरातून अनवाणी डोंगरावर गेली, अशी कथा. तेव्हापासून ही वाट पायाखालची. आषाढीला शहरातून नंदवाळला दिंडी जाते, पुईखडीला रिंगण होतं. ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर जाते. देवीच चालते, माणसं मागे चालतात. एकाही वाटेचा लोगो नाही.

माझी आत्या गेली कित्येक वर्षं खेटे घालते. अडीच वाजता उठते, फडक्यात दोन भाकऱ्या, ठेचा आणि मुठीएवढा गूळ बांधते. चप्पल घरीच. ती चप्पल अस्सल कोल्हापुरी, २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेली. पण देवाच्या वाटेवर मानांकनसुद्धा उंबऱ्याच्या आत राहतं. गेल्या माघात मी तिच्यासोबत होतो. कुशिऱ्याच्या अलीकडे एका दारात बाई पातेलं घेऊन उभी होती, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात चहा देत. कोण, कुठले, कुठल्या जातीचे, काही नाही. 'घ्या की, अजून लई चढायचंय.' कप संपले होते म्हणून मला स्टीलच्या वाटीतून मिळाला. बोटं भाजली. तिथे टेकलो असताना मी आत्याला स्पेनची शिक्क्यांची पुस्तिका समजावून सांगितली. तिने शांतपणे ऐकलं.

"म्हंजे रेशन कार्डावर मारत्यात तसं?"

"तसंच. शेवटी प्रमाणपत्र."

"कुनाला दावायचं?"

मला सुचलं नाही. ती उठली, गुडघ्यावर हात ठेवून 'चांगभलं' म्हणाली आणि चढाला लागली.

आता तुम्हाला वाटेल, आत्यालाच समितीत घ्यावं. अजिबात नको. तिला विचारलंत तर ती तीन मागण्या करेल आणि तिन्ही उद्घाटनाच्या कामाच्या नाहीत. एक, पाणी. दोन, माघात कारखाने चालू असतात, तर उसाच्या ट्रॉल्यांना मागे लाल दिवा, कारण अंधारात ती ट्रॉली अंगावर आली तर थेट देवाघरीच खेटा पडतो. तिसरी मागणी ती तुमच्यासमोर बोलणार नाही. पदराआड एखाद्या सदस्याच्या बायकोला सांगेल. अडीचला निघालेल्या बाईला उजाडायच्या आत कुठेतरी आडोसा गाठावा लागतो. ऊस उभा आहे तोवर निभतं, तोड झाली की सगळं रान उघडं. शौचालयाचा फोटो माहितीपत्रकात चांगला दिसत नाही, त्यामुळे ते दुसऱ्या टप्प्यात ढकला. पहिल्या टप्प्यात सेल्फी पॉइंट. भलीमोठी फायबरची चप्पल करा, रंगीत दिवे सोडा. चालणाऱ्याची चप्पल घरात आणि न चालणाऱ्याची चौकात, हा तोल छान साधतो.

जागतिक दर्जाचा मुद्दा आलाच तर टाऊन हॉलच्या संग्रहालयात एक चक्कर मारा, गाडी दारात लागते. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीत उत्खननात सापडलेला ब्राँझचा पोसायडन तिथे आहे. भूमध्य समुद्राकडचा समुद्रदेव, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून, घाट चढून नदीकाठी मुक्कामाला आलेला. लांब पल्ल्याचा सांस्कृतिक प्रवासी म्हणून त्याच्याइतका जुना दाखला कुठे मिळायचा? आणि खोलीचं आरक्षण नसताना माणूस इतका काळ राहिला, म्हणजे आदरातिथ्यही सिद्ध झालं.

राहता राहिलं उद्घाटन. तारीख माघातल्या रविवारचीच धरा, म्हणजे गर्दी आयती मिळते आणि 'पहिल्याच दिवशी हजारोंचा प्रतिसाद' अशी बातमी लावता येते. मांडव ऐन रस्त्यावर घाला. फीत डोंगराच्या पायथ्याशी, दोन्ही बाजूंना पाण्याच्या सीलबंद बाटल्या, त्या फक्त व्यासपीठासाठी. पाहुणे पन्नास पावलं चालतील, गळ्यात उपरणं, हातात भगवी पताका, पुढे उलटं चालणारे फोटोग्राफर. मग गाड्या पुढे आणाव्यात.

पाहुणे येईपर्यंत बंदोबस्त म्हणून वाट बंद ठेवावी लागेल. खेट्याला निघालेल्यांना तिथे बॅरिकेडपाशी थांबवा. 'आज इथून चालत जाता येणार नाही, पुढे कार्यक्रम आहे,' असं पोलीसदादा सांगतील. थोडी कुरकुर होईल. माझी आत्या त्यांच्याशी वाद घालणार नाही. फडकं खांद्यावर टाकेल, लुगडं जरा वर खोचेल आणि बांधावरून उसात शिरेल; तिच्या मागोमाग बाकीचे. तुमचं स्वागतगीत होईस्तोवर ती वरच्या पायऱ्यांना लागलेली असेल. व्यासपीठावरून कुणाला दिसलीच, तर निवेदकाला सांगून ठेवा: 'स्थानिकांचा उत्स्फूर्त सहभाग.'