आधी घरचे बॉलर बघा

लॉस एंजेलिसच्या डॉजर्स या बेसबॉल टीमनं २०२५ च्या हंगामानंतर पुन्हा एक महागडा क्लोजर (शेवटी येऊन आघाडी टिकवणारा बॉलर) घ्यावा, हे लेखातलं मत अजिबात पटलं नाही. २०२५ च्या हंगामाआधीच क्लोजर म्हणून टॅनर स्कॉटला ४ वर्षांसाठी ७.२ कोटी डॉलर मोजले आणि २०२५ मध्ये १० वेळा त्याला आघाडी टिकवता आली नाही. उलट त्या वर्षीच्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अंतिम मालिकेचा, तिसरा सामना १८ इनिंगपर्यंत लांबला, तेव्हा शेवटच्या ४ इनिंग कोणी काढल्या? टीममधल्याच विल क्लाइननं! ७२ चेंडू, एकही रन नाही. अंगावर काटा आला होता बघताना. सातव्या सामन्यात तर आदल्या रात्री ९६ चेंडू टाकलेला डॉजर्सचा बॉलर यामामोतोच पुन्हा धावून आला. दरवेळी असं कसं चालेल? शेवटी आणला जाणाऱ्या सासाकीला परत स्टार्टर (सामना सुरू करून बऱ्याच इनिंग टाकणारा बॉलर) करा, त्याचा स्प्लिटर (बॅटजवळ अचानक खाली जाणारा चेंडू) एका इनिंगपुरता वापरणं म्हणजे वाया घालवणं. आणि क्लाइन, एन्रिकेझ या पोरांना एप्रिलपासूनच अवघड इनिंग द्या.