‘जंगलाची जत्रा’ कोण करतं? ताडोबाच्या लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. इतर वाचकांसाठी ती थोडक्यात सांगते. कोअर, म्हणजे जंगलाचा आतला मुख्य भाग, मंगळवारी बंद असतो हे मी लिहिलं नाही, खर्चाचा विचार केला नाही, लोकांना ऐन मे महिन्यात चंद्रपूरला पाठवते (तुम्ही स्वतः ऑक्टोबरात कोलारा गेटने जाताय), आणि शेवटी हे वाक्य: ‘एका सफारीत भागत नाही, निदान तीन करा, असं सांगणाऱ्या तुमच्यासारख्या हौशी लोकांनीच जंगलाची जत्रा केली आहे.’

मंगळवारचं राहिलं, हे खरं. चूक माझी. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता ते वाक्य. मतभेद असू शकतात, त्याचं मला वाईट वाटत नाही. पण ‘तुमच्यासारख्या हौशी’ म्हणजे नेमकं काय? तुम्ही मला ओळखत नाही, मी कुठली ते विचारलंही नाहीत. मी चंद्रपूरची. वडील कोळसा खाणीत नोकरीला होते. ताडोबा व्याघ्र प्रकल्प झाला १९९५ साली. त्याच्या कितीतरी आधी वडिलांच्या स्कूटरवर पुढे उभी राहून मी ताडोबाकडे जाणाऱ्या मोहर्लीच्या रस्त्याने गेले आहे. त्या रस्त्याच्या कडेचे गोंडकालीन दगडी खांब मोजत जायचं, हा आमचा खेळ होता. वाघ पहिल्यांदा दिसला तो कॉलेजात असताना. तोवर मी सांबर, गवे, कोळसुनांची (रानकुत्र्यांची) टोळी पाहून खूश होऊन घरी येत होते. मला हौशी म्हणायच्या आधी एवढं तरी विचारायचं होतं.

तीन सफाऱ्या मी का सांगते, ते लेखात होतं. तुम्ही ते वाचलं नाही, असंच मला म्हणावं लागेल. एकच सफारी हातात असली की माणूस जिप्सीत बसल्यापासून घड्याळ बघतो. ‘वाघ कुठाय?’, ‘त्या गाडीला दिसला म्हणे, चला तिकडे’ सुरू होतं. माझ्या डोळ्यांदेखत एका गृहस्थांनी गाईडला ‘पैसे कशाचे घेता?’ म्हणून झापलं. तो पोरगा जवळच्याच गावचा, मान खाली घालून ऐकत होता. गाड्या पळतात त्या अशा घाईने. दुसरी सफारी बाकी असली तर माणूस ड्रायव्हरला ‘थांबा हो जरा’ म्हणू शकतो.

गेल्या मे महिन्यात आम्ही पांढरपौनीच्या पाणवठ्याला असेच थांबलो. इंजिन बंद. साग पार निष्पर्ण, पाण्याच्या कडेचा चिखल तडकलेला. पाऊण तास काही नाही, मग सांबराचा एकच कॉल, वाघाची चाहूल लागली की देतं तो. वाघीण आली, पाण्याकडे पाठ केली आणि उलट्या पावलांनी मागे सरकत पाण्यात बसली, आधी शेपटी, मग कंबर, तोंड मात्र काठाकडे. गाडीत कोणी बोललं नाही. ही आमची तिसरी सफारी होती. पहिल्या दोन्हींत वाघ नव्हता, आणि कुणाची तक्रारही नव्हती.

शिवाय, कुठल्या गेटमधून किती गाड्या सोडायच्या ते वनखात्याने ठरवून दिलेलं असतं. मी तीनदा गेले म्हणून आत एकही गाडी वाढत नाही. जत्रेचं खापर माझ्या माथ्यावर फोडण्याआधी हा साधा हिशोब तुम्ही करायला हवा होता.

खर्चाचं म्हणाल तर शुल्क मी ठरवत नाही. जिप्सीत सहा जण बसतात, वाटून घ्या. उन्हाळ्याचंही तेच: पाणवठे आटतात, उरलेल्या पाण्यावर जनावर येतं, म्हणून मे. ज्यांना ऊन सोसत नाही त्यांनी जाऊ नये, मी कुणाला ओढून नेत नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. ‘हौशी’ हा शब्द मात्र तुम्ही मागे घ्यावा, अशी माझी स्पष्ट अपेक्षा आहे.

आणि ऑक्टोबरात जाताय तर एक सांगते. पावसानंतर गवत आणि बांबू इतका दाट असतो की दहा हातांवरचं जनावर दिसत नाही. तेव्हा डोळ्यांपेक्षा कानांवर भर द्या. बुकिंगला जे ओळखपत्र दिलंत तेच मूळ कार्ड सगळ्यांनी जवळ ठेवा, गेटवर ते तपासतात.