उणे १.९ आणि ‘घाबरवण्याचा धंदा’: एका प्रतिक्रियेला उत्तर

ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याच्या आजारावरच्या मागच्या लेखाखाली एका वाचकांनी लिहिलंय: “उभ्या उभ्या पडून आईचं मनगट मोडलं, पण टी-स्कोर उणे १.९, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस नाहीच. तरी औषध घ्या म्हणता, हा घाबरवण्याचा धंदा आहे. त्या गोळ्यांनीच मांडीचं हाड मोडतं. दर सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन आम्ही दोन वर्षांनी बंद केलं, काही बिघडलं नाही. कॅल्शियमचा आकडाही चुकलाय.”

‘धंदा’ हा शब्द टोपणनावाआडून लिहायला फार काही लागत नाही. लेखात एकाही कंपनीचं नाव नाही, हे कळायला मात्र तो वाचावा लागतो. कॅल्शियमचं मान्य. ‘रोज १२०० मिलिग्रॅम’ हे जेवणातलं धरून, एवढं लिहायचं राहिलं होतं. दुरुस्त केलंय, आभार.

आता तुमचा उणे १.९. टी-स्कोर म्हणजे हाडाची घनता निरोगी तरुणांच्या सरासरीपेक्षा किती कमी-जास्त, ते सांगणारा आकडा. उणे २.५ ही ऑस्टिओपोरोसिसची रेघ जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली आखली, तीही हाड मोडण्याआधी निदान करता यावं म्हणून. उभ्या उंचीवरून पडून खुबा किंवा मणका मोडला, की टी-स्कोर काहीही असो, निदान झालं. मनगट, खांदा किंवा ओटीपोटाचं हाड मोडलं आणि स्कोर उणे १ ते उणे २.५ च्या मध्ये असला, तरी बरीच मार्गदर्शक तत्त्वं त्याला ऑस्टिओपोरोसिसच म्हणतात. असं फ्रॅक्चर झालेल्या पुष्कळ जणांचा स्कोर उणे २.५ पर्यंत गेलेलाच नसतो. हा आकडा देणारी डेक्सा ही एक्स-रे तपासणी मोजते ते क्षेत्रफळामागे खनिज किती ते. आतली जाळी किती तुटलीय, हे त्या आकड्यात येत नाही.

आणि तो आकडा कमरेचा की खुब्याचा? वर्षानुवर्षं हे रिपोर्ट वाचतोय म्हणून विचारतो. मणका दबला की तेवढंच खनिज कमी जागेत मावतं आणि घनता वाढलेली दिसते. उतारवयात मणक्यांच्या कडेला वाढलेलं हाडही तेच करतं. म्हणून चारही मणक्यांचे आकडे सुटे बघायचे. एखादा शेजारच्यापेक्षा १ पेक्षा जास्त फरकाने वेगळा निघाला तर तो वगळायचा. निदान दोन मणके उरायला हवेत, नाहीतर कंबर सोडून खुब्याचा आकडा धरायचा. आईची उंची तरुणपणापेक्षा ४ सेंटिमीटर किंवा जास्त घटली असेल, तर पाठीचा बाजूने एक्स-रे काढा. बहुतेक दबलेले मणके दुखून कळवत नाहीत. शिवाय हा उणे १.९ इंजेक्शनं सुरू होण्याआधीचा की नंतरचा, तेही तुम्ही लिहिलं नाहीत. नंतरचा असेल तर तो औषधाचा गुण आहे, आणि तुम्ही तोच औषधाविरुद्ध पुरावा म्हणून आणलात!

मांडीचं हाड: होतं तसं, क्वचित, आणि बहुधा वर्षानुवर्षं औषध चालल्यावर. आधी मांडीत किंवा जांघेत दुखतं. म्हणूनच गोळ्यांचा ५ वर्षांनी आणि झोलेड्रोनिक ॲसिडच्या वार्षिक इंजेक्शनचा ३ वर्षांनी फेरविचार करतात. हे लेखात होतं.

राहिलं ते डेनोसुमॅब. इथे मात्र वाद बाजूला ठेवतो. या औषधाचा असर हाडात साठून राहत नाही. डोस ७ महिन्यांपलीकडे लांबला की हाडांची झीज उसळून येते आणि एकाच वेळी दोन-तीन मणके दबू शकतात. थांबवायचंच असेल तर त्यामागे झोलेड्रोनिक ॲसिडसारखं दुसरं औषध द्यावं लागतं. शेवटच्या इंजेक्शनची तारीख काढा आणि याच आठवड्यात आईला डॉक्टरांकडे न्या. पाठीत अचानक कळ आली तर तेवढंही थांबू नका. मग खुशाल इथे भांडायला या.